हातचं राखलेलं मिनिट

फळ्यावर दोन-पंधरा लिहिलं होतं आणि ते खरं निघालं. झालं ते एवढंच. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीसमोर, शर्यतीसाठी नव्यानं डांबर टाकलेल्या रस्त्याच्या कडेला, दोरीमागं दोनेकशे माणसं उभी होती. त्यांच्यात माझ्याखेरीज हे कुणाच्या लक्षातही आलं नसेल. आधी पोलिसांच्या गाड्या गेल्या, मग शिट्ट्या झाल्या, मग तीन सायकलवाले आले, कुठल्या देशाचे कोण जाणे, माना खाली घातलेले. त्यांच्या बरोबरीनं एक मोटरसायकल होती आणि तिच्यावर मागं बसलेल्या माणसानं काळा फळा धरला होता. फळ्यावर दोन मिनिटं पंधरा सेकंद. म्हणजे मागचा मोठा घोळका या तिघांच्या तेवढा मागं आहे. मी काही ठरवून केलं नाही, पण हाताला सवय असते. तिघांतला पहिला विजेच्या खांबापाशी आला तसं माझ्या अंगठ्यानं मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं, आणि घोळक्यातला पहिला त्याच खांबापाशी आला तसं पुन्हा दाबलं. दोन मिनिटं सोळा. एका सेकंदाचा फरक, तोही माझ्या म्हाताऱ्या अंगठ्याचा असेल. मी तो आकडा बघत राहिलो. वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसलो.

"झालं?" मारुतराव म्हणाले. मारुतराव तिसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून रिटायर झालेले. सोसायटीत काहीही असलं की सगळ्यांत आधी हजर आणि सगळ्यांत आधी नाराज. "दीड तास उभं केलं राव यांनी, आणि पंधरा सेकंदांत खेळ खलास. कोण पुढं, कोण मागं, काही कळेना. यात बघायचं काय असतं, जयसिंगराव?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "काय झालं? पाणी आणू का?" मी नको म्हणालो. "कबड्डी बरी," ते म्हणाले. मीही म्हणालो, कबड्डी बरी. माणसं पांगायला लागली, दोरी गुंडाळली जाऊ लागली, रस्ता अजून तासभर बंद राहणार म्हणून एक बाई पोलिसाशी हुज्जत घालत होती. मी बसूनच राहिलो. मारुतरावांना सांगण्यासारखं माझ्याकडं बरंच होतं, पण त्यातलं एक सांगितलं असतं तर बाकीचंही बाहेर आलं असतं, आणि ते मी अकरा वर्षं गिळून बसलेलो आहे.

मारुतरावांचं तसं चुकत नाही. चार-पाच दिवस चालणारी शर्यत, रोजचा एक टप्पा, रोजच्या वेळांची बेरीज. ज्याला कळत नाही त्याला यासारखं कंटाळवाणं दुसरं काही नाही. दीडशे माणसं गप्पा मारत चालल्यासारखी तास न् तास पायडल मारत असतात. पण मजा त्या माणसांत नसते, मजा अंतरात असते. पुढं निसटलेले दोन-तीन आणि मागं उरलेले सगळे, यांच्यामधला जो रिकामा रस्ता असतो, त्यात सगळी शर्यत असते. अंतर फार वाढलं की कंटाळा, कारण पुढचे सुटले, आता काय. अंतरच नाही तरी कंटाळा. पण ज्या दिवशी अंतर असं असतं की सांगता येत नाही, त्या दिवशी बघणाऱ्याचाही जीव वर-खाली होतो. एक ढोबळ हिशेब आहे: मागचे मनापासून लागले तर दहा किलोमीटरमध्ये एक मिनिट भरून काढतात. वीस किलोमीटर राहिलेत आणि दोन मिनिटं आहेत, की मग रस्त्यावरून नजर हटत नाही. पुढं एकटा पळणारा माणूस मागं बघत नाही, बघून उपयोगही नसतो, वळणामागचं त्याला काय दिसणार? त्याला फक्त फळा असतो. मोटरसायकलवरून येणारा माणूस फळ्यावर जे लिहितो तेवढंच त्याचं जग. त्या आकड्यावर तो ठरवतो, जीव काढायचा की सोडून द्यायचं आणि उद्यासाठी ताकद ठेवायची. म्हणून फळा खरा लागतो. फळाच खोटा असला तर ती शर्यत राहत नाही, कुणीतरी कुणाला तरी पळवत असतो एवढंच.

मी आयुष्यभर फळा खोटा लिहिला. ही मी फुशारकी म्हणून सांगायचो, मित्रांत, रिटायरमेंटच्या भाषणातसुद्धा सांगितली. चाकणच्या ज्या कंपनीत मी एकोणतीस वर्षं काढली, तिथं गिअरचे भाग व्हायचे आणि मी लाइनचा सुपरवायझर होतो. आमचा बाप पिंपरीत कंपनीत झाडू मारायचा. मी घड्याळ हातात घेतलं. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते मोजायचं, आणि लाइनच्या तोंडाशी लावलेल्या फळ्यावर दर तासाला लिहायचं: किती व्हायला पाहिजे होते, किती झाले. तासाला साठ. बावन्न झाले असले तर मी सत्तेचाळीस लिहायचो. पाच हातचे राखायचे. पोरं फळ्याकडं बघायची, मागं पडलोय म्हणून हात उचलायची, आणि शिफ्ट संपता संपता मशीन बंद पडली, कुणाचं बोट कापलं, तर ते राखलेले पाच-पाच कामी यायचे. सगळेच सुपरवायझर असं करायचे, पण माझ्याइतकं सफाईनं कुणी नाही. खरा आकडा सांगितला की माणूस ढिला पडतो. हे मी कुठं वाचलं नव्हतं, पण माझा त्यावर पक्का विश्वास होता, आणि वाईट म्हणजे तो विश्वास मी संध्याकाळी बसमध्ये बसून घरी घेऊन यायचो.

बुद्धभूषण आमचा एकुलता एक. घरी भूषण. दहावीला त्याला एक्याऐंशी टक्के पडले, मी नातेवाइकांना पंचाहत्तर सांगितले, त्याच्यासमोर. कुसुम, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "मार्क पुरे सांगायला तुमचं काय जातं हो?" मी हसलो. सायकलचं वेड त्याला कॉलेजात लागलं आणि मलाही, खरं सांगायचं तर त्याच्याहून जास्त. पहाटे मी माझ्या दोस्ताच्या, चिमाजीच्या, मोटरसायकलवर मागं बसून त्याच्याबरोबर जायचो. चिमाजी आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. देहूरोडपासून तळेगावपर्यंत जुन्या हायवेनं, तिथून परत. तळेगावला पोचला की भूषण धापा टाकत थांबायचा आणि माझ्या हाताकडं बघायचा. सत्तावीस मिनिटं दहा सेकंद झालेले असले तर मी म्हणायचो, सत्तावीस चाळीस. तीस सेकंद राखायचेच. तो मान हलवायचा, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतायचा आणि म्हणायचा, "उद्या." उद्या खरंच आणखी कमी वेळ लागायचा. मला वाटायचं, बघा, लागू पडतंय. तो कधी उलटून बोलला नाही, घड्याळ दाखवा म्हणाला नाही. एकदाही नाही. आता वाटतं, हे मला खटकायला हवं होतं, पण बापाला असला मुलगा मिळाला की खटकत नाही, बरं वाटतं.

अकरा वर्षांपूर्वी आपल्याकडं चार टप्प्यांची एक शर्यत झाली होती. आजच्यासारखी मोठी नाही, सगळे देशातलेच, चाळीस-पंचेचाळीस पोरं. भूषण बावीस वर्षांचा, पाठीवर सत्तावीस नंबर. फळा धरायला माणूस पाहिजे होता. तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं, कंपनीत घड्याळ धरतो म्हणून. मुलगा शर्यतीत आहे याला कुणी हरकत घेतली नाही. एवढ्या तपशिलात जातंय कोण. काळ्या रंगानं रंगवलेली प्लायवूडची फळी, खडू, ओलं फडकं, आणि चिमाजी मोटरसायकलवर. पहिल्याच दिवशी कुरुळीजवळ भूषणचं चाक पंक्चर झालं आणि तो नऊ मिनिटं मागं पडला. म्हणजे चार दिवसांची बेरीज त्याच्यापुरती संपली. पण टप्प्याच्या शर्यतीचा एक विचित्र न्याय आहे. ज्याची भीती नाही त्याला जाऊ देतात. तिसऱ्या दिवशी राजगुरुनगरच्या घाटाच्या आधी भूषण निसटला तेव्हा मागच्यांनी डोकीही वर केली नाहीत: नऊ मिनिटं मागं असलेला पोरगा, जाऊ दे त्याला. त्याच्याबरोबर आणखी दोघं होते, ते घाटात गळाले. परतीच्या रस्त्याला भूषण एकटा. त्या टप्प्यापुरता का होईना, जो जिंकेल तो बालेवाडीच्या क्रीडा संकुलातल्या शिबिराला जाणार असं निवड करणाऱ्यांनी आदल्या रात्रीच सांगितलेलं. कुसुम स्पाइन रोडला शेवटच्या रेषेपाशी दुपारपासून उभी होती. तिथं लाउडस्पीकरवर सारखं सांगत होते, सत्तावीस नंबर एकटा पुढं, सत्तावीस नंबर एकटा पुढं. तिनं मला नंतर सांगितलं की शेजारच्या बायकांना ती म्हणाली, तो माझा आहे.

मी दर थोड्या वेळानं अंतर मोजत होतो. एखादी खूण धरायची, भूषण तिथून गेला की घड्याळ चालू, मागचे आले की बंद, मग मोटरसायकल दामटून घोळक्याला वळसा घालून पुढं जायचं आणि त्याला फळा दाखवायचा. तीन-चाळीस होतं तेव्हा मी तीन-दहा लिहिलं. दोन-पन्नास होतं तेव्हा दोन-वीस. दोन्ही वेळा त्यानं फळा वाचला आणि खांदे खाली घालून जोर लावला. चाकण गेलं. निघोज्याच्या कमानीपाशी मी शेवटचं मोजलं. एक मिनिट पन्नास सेकंद. अकरा किलोमीटर बाकी. हिशेब सरळ होता, मागचे फार तर एक मिनिट आणि वर पाच-सात सेकंद भरून काढणार, म्हणजे तो अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढं राहून जिंकणार. माझा मुलगा जिंकणार होता. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली. त्याचे खांदे डुलताना मला मघाशी दिसले होते. वाटलं, हा आता ढिला पडेल. एक-पन्नास बघितलं की सोडेल. नेहमी तीस राखतो, पण आज तीस पुरणार नाहीत. मी खडू उचलला आणि लिहिलं, शून्य-पन्नास. चिमाजीनं आरशातून बघितलं. म्हणाला, "भाऊ, एक-पन्नास ना?" मी म्हणालो, "तू गाडी चालव."

भूषणच्या बरोबरीला आलो. त्यानं फळा वाचला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मान हलवली. शे-दोनशे मीटर तसाच गेला, आणि मग सरळ बसला. दोन्ही हात सोडले, बाटली काढली, पाणी प्यायला, आणि लाकडी पॅलेटच्या एका वखारीपाशी कडेला येऊन थांबला. एक पाय जमिनीवर. आम्हीही थांबलो, थोडं पुढं. माझा अंगठा तेव्हाही चालला: घड्याळ चालू. पन्नास सेकंद झाले. रस्त्यावर कुणी नाही. साठ. भूषणनं मागं वळून बघितलं. पोलिसांनी अडवून ठेवलेला एक कंटेनर होता, बाकी रस्ता रिकामा. मग तो माझ्याकडं वळला. चिमाजी दातओठ खाऊन म्हणाला, "सांग ना त्याला, मागं कुणी नाय म्हणावं. अजून जाईल तो." जाईल हे मलाही कळत होतं. चार शब्द लागले असते: भूषण, फळा चुकलाय, पळ. पण ते बोललो असतो तर मी काय लिहिलं होतं ते त्याला कळलं असतं, आणि आधीचंही कळलं असतं, सत्तावीस चाळीस, तीन-दहा, दोन-वीस, सगळं. मी फडक्यानं फळा पुसायला लागलो. पुसलेलाच पुन्हा पुसला. मागचे आले तेव्हा एक-चव्वेचाळीस झालं होतं. भूषण त्यांच्यात शिरला आणि दिसेनासा झाला. खोटं लिहिलं ती सवय होती, तेवढं मी स्वतःला कसंबसं माफ करतो. पण ते एक-चव्वेचाळीस मी डोळे उघडे ठेवून गप्प बसलो, त्याला माफी कुठून आणू?

एकोणचाळिसावा आला. कुसुमनं त्याला लिंबूपाणी दिलं आणि काही विचारलं नाही. घरी जाताना मीच म्हणालो, "मागचे ढिले पडले असतील वाटेत." म्हणजे पन्नास होतं ते एक-चव्वेचाळीस कसं झालं, त्याची मी सोय लावली. तो म्हणाला, "असतील." चौथा टप्पा त्यानं पुरा केला. मोसम संपल्यावर सायकल चिंचवडच्या एका मुलाला देऊन टाकली, सांगितलं, माझ्यात ती धमक नाही. लोकांना तो अजूनही तेच सांगतो. आतून तुटलो, दम नव्हता, हार मानली. हसत सांगतो. हिंजवडीच्या एका कंपनीत तो आता कॅबचं वेळापत्रक बघतो, कुणाला किती वाजता कुठून उचलायचं. चांगलं चाललंय त्याचं. मला कधी दुखवत नाही. कुसुम गेल्यावर स्वतः येऊन मला पिंपरीहून इकडं घेऊन आला. फक्त एक आहे. त्या दिवसानंतर त्यानं मला कधी कुठला आकडा सांगितला नाही. मुलगी झाली तेव्हा फोनवर म्हणाला, "मुलगी आहे, छान आहे." वजन मला नर्सकडून कळलं. तिला शाळेत किती मार्क पडतात ते मला श्रद्धा, माझी सून, सांगते. कुसुमला तीन वर्षं झाली जाऊन. शेवटच्या आजारात एकदा तिनं विचारलं होतं, त्या दिवशी नेमकं काय झालं हो? मी म्हणालो, पाय गेले त्याचे. तिला मी सांगायला हवं होतं. ती चिडली असती, पण तिनं त्याला सांगून टाकलं असतं आणि आज मी या खुर्चीवर असा बसलो नसतो.

आज त्या मोटरसायकलवरच्या परक्या माणसानं फळ्यावर खरा आकडा लिहिला होता. त्याला ते तिघं कोण लागतात? कुणी नाही. तरी तो त्यांना खरं सांगत होता, आणि ते ऐकून ते ढिले पडले नव्हते. मी बघितलं ना, चांगले तुटून पडले होते. मी उठलो. मारुतराव म्हणाले, "लिफ्टपर्यंत येऊ का?" मी त्यांना हातानंच नको म्हणालो. नवव्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये मी वाक्यं जुळवत होतो, आणि दार उघडलं तेव्हा एकही आठवत नव्हतं.

भूषण हॉलमध्ये टेबलाशी बसला होता. रस्ते बंद म्हणून कंपनीनं घरूनच काम दिलेलं. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, कुणा ड्रायव्हरला सांगत होता की रक्षक चौकात गाडी लावून ठेव, अजून सोडत नाहीत. श्रद्धा लॅबला गेली होती, नात शाळेत. घरात आम्ही दोघंच. खाली एवढी शर्यत गेली, हा गॅलरीतसुद्धा आला नव्हता. त्यानं हेडफोन मानेवर ओढला आणि म्हणाला, "पप्पा, चेहरा का असा झालाय? बसा आधी." मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "निघोज्याला मी फळ्यावर खोटं लिहिलं होतं." त्यानं कुठला फळा, कधीचं निघोजे, असं काही विचारलं नाही. लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. म्हणाला, "माहीत आहे."

"थांबल्यावर कळलं तुला. रस्ता रिकामा बघून."

"नाही पप्पा. आधीच माहीत होतं. सत्तावीस चाळीस म्हणजे सत्तावीस दहा, हे मला सतराव्या वर्षीच कळलं होतं. माझ्या हातात पण घड्याळ होतं की. तुम्हाला बरं वाटायचं म्हणून बोललो नाही." तो शांत बोलत होता, ड्रायव्हरशी बोलत होता तसाच. "मी फळ्यावरच्या तुमच्या प्रत्येक आकड्यात तीस मिळवायचो. पन्नास बघितलं, तीस मिळवले. एक-वीस. अकरा किलोमीटर. जेमतेम, पण होत होतं. मला कळलं होतं मी जिंकतोय."

मी खुर्चीची पाठ धरली. "मग थांबलास का?" मी विचारलं. हा प्रश्न मी अकरा वर्षांत स्वतःला विचारला नव्हता, कारण उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. टेबलावर त्याचा मोबाइल वाजायला लागला. त्यानं तो वाजू दिला, थांबेपर्यंत.

"तुमचं तोंड बघितलं म्हणून," तो म्हणाला. "तुम्ही घाबरला होतात. मी जिंकतोय हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं, आणि तुम्ही घाबरला होतात. म्हटलं, आज तरी खरा आकडा दाखवतील. आज तरी. दोन वेळा कापलात ते मी चालवून घेतलं, म्हटलं शेवटचा खरा असेल. तो पण नाही. मग मी थकलो नाही, काही नाही. कंटाळा आला, पप्पा. सगळ्याचाच कंटाळा आला. जिंकलो असतो तरी घरी येऊन तुम्ही काहीतरी कमीच सांगितलं असतं." मग म्हणाला, "थांबल्यावरही मी वाट बघितली. एवढा वेळ रस्ता रिकामा. तुम्ही नुसतं जा म्हणाला असतात तरी गेलो असतो."

मी म्हणालो, "मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात ना, मागचे ढिले पडले असतील. मला वाटलं, तुम्हाला तसंच हवंय. मग राहू दिलं. आईनं पण विचारलं होतं. तिला म्हणालो, पाय गेले." म्हणजे आम्ही दोघांनीही तिला तेच सांगितलं होतं, वेगवेगळं, एकमेकांना न विचारता. तो लॅपटॉपकडं बघत होता, त्यावर काही नव्हतं. मग त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "खरं किती होतं?"

मी सांगितलं. काही न राखता, पहिल्यांदा. "एक-पन्नास."

"एक-वीस," तो म्हणाला, मला दुरुस्त केल्यासारखं.

"नाही. त्या दिवशी मी साठ राखले होते. एक-पन्नास होतं. तू अर्धा-पाऊण मिनिट पुढं राहून जिंकला असतास. मान वर करून, हात सोडून जिंकला असतास तू."

त्याचे ओठ हलले, बहुतेक पुन्हा हिशेब केला असेल, अकरा किलोमीटर, एकशे दहा सेकंद. मी बघत होतो आणि मला दिसलं की एक-वीसवर त्यानं कसंतरी आपलं आयुष्य बसवलं होतं. जेमतेमच होतं, कदाचित हुकलंही असतं, असं स्वतःला सांगत अकरा वर्षं काढली होती. तेवढा आधार त्याच्याकडं होता आणि तो मी आत्ता, माझं मन हलकं करायला, नऊ मजले वर येऊन काढून घेतला होता. मी म्हणालो, "भूषण." तो म्हणाला, "हे मला कशाला सांगितलंत, पप्पा." प्रश्नासारखं नाही, अगदी हळू. आणि मग माझा तेहतीस वर्षांचा मुलगा टेबलावर कपाळ टेकून रडायला लागला. मानेवरच्या हेडफोनमधून कुणीतरी सर, सर, रस्ता कधी सुटणार, म्हणून विचारत होतं. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. मी त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो, हात उचलला, आणि तो कुठं ठेवायचा ते मला कळेना.